सहप्रवाशाचं नाव

चार वर्षांपूर्वी, होळीच्या पंधरा दिवस आधी, मी एका क्रूझच्या आरक्षणातून माझ्या थोरल्या वहिनींचं नाव काढलं आणि तिथे दुसरं नाव घातलं. फोनवरच्या मुलीने नवं नाव मला वाचून दाखवलं. बरोबर आहे, म्हणालो. फोन ठेवला आणि जेवायला बसलो.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. वहिनींच्या मुलीला नाही. वहिनींना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्यांना ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता लपवायचाही कंटाळा आला आहे, म्हणून.

बातमीच्या टेबलावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. आधी काय घडलं ते लिहायचं, मग कुठे, कधी, कोण. 'का' शेवटी — आणि तेही कोणी सांगितलं असेल तरच. मी आधी महाडचा वार्ताहर होतो, कोर्टाच्या आणि पुराच्या बातम्या द्यायचो. पुढे मुंबईत टेबलावर बसलो. 'का' शेवटी ठेवायची ही सवय मला फार सोयीची पडली. जागा संपली की उपसंपादक खालून कापतो. 'का' नेहमी कापलं जातं.

इथे कापायला कोणी नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कुडपणच्या बाजूला. भात, नाचणी, आणि घरटी एक माणूस मुंबईला. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. त्याच वर्षी दादाचं लग्न झालं आणि शेवंता वहिनी घरात आल्या. त्यांनी मला वाढवलं. पण रीत ती रीत — नवऱ्याचा भाऊ म्हणजे भावजी, आणि भावजीला 'तुमी'. माझं नाक पुसतानासुद्धा त्या म्हणायच्या, "भावजी, हिकडं या, शेंबडानं भरलाव." वाडी हसायची. त्या हसायच्या नाहीत.

दादा मालवाहू बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करणारा. शिमग्याला यायचा, ओटीवर बसून समुद्राच्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक गोष्ट वहिनींना कधीच पटली नाही. दादा म्हणायचा, बोट आत गेली की काठ दिसेनासा होतो. पुढे नाही, मागे नाही, चारी अंगांना नुसतं पाणी.

"काय पण सांगताय," वहिनी म्हणायच्या. "काठ नाय असं कसं व्हईल? पाणी सांडंल की सगळं."

दादा चिडायचा. त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. दर शिमग्याला हे भांडण व्हायचं आणि दर शिमग्याला ते अर्धवट राहायचं. मग दादा मुंबईत काविळीने गेला. भांडण तिथेच राहिलं.

वहिनींनी एवढ्या वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नाही. मंदाच्या लग्नातही नाही — मंदा म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, पाचाडला दिलेली. मी वर गेलो की एवढंच विचारायच्या, मुंबईचा समुद्र कुठवर दिसतो? मी म्हणायचो, धुकं नसेल तर लांबवर. "पर काठ दिसतो ना पल्याडचा?" नाही दिसत, म्हटलं तर म्हणायच्या, "तुमची नजर कमी झालीय."

आता कार्डाचं सांगतो.

वर्तमानपत्र सोडून मी एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात लागलो होतो. बँकेने कंपनीच्या वरच्या लोकांना एक क्रेडिट कार्ड दिलं. धातूचं होतं. हॉटेलात बिलाच्या ताटलीत टाकलं की वाजायचं, आणि ते वाजावं अशा बेताने मी ते टाकायचो. हेही कधी कोणाला सांगितलं नव्हतं, पण ते किरकोळ आहे. त्या कार्डाच्या प्रवास विभागाचा वेगळा फोन होता. पलीकडचा माणूस लगेच उचलायचा आणि नावाने बोलायचा. त्यांच्यामार्फत क्रूझ आरक्षित केली तर एका तिकिटावर सहप्रवासी मोफत. साध्या केबिनऐवजी बाल्कनीची केबिन. बंदरावर वेगळी रांग, बसायला सोफ्याची खोली. प्रवासविमा त्यातच. अट एकच — कार्डाचं वर्ष संपायच्या आत वापरायचं, नाहीतर सवलत बुडते.

बायकोला रेवसच्या लाँचमध्येसुद्धा उलट्या होतात. ती म्हणाली, "मला नको तुमची बोट. वहिनींना न्या. त्यांचं ते काठाचं भांडण एकदाचं मिटवून टाका."

कल्पना तिची होती. चांगली होती. मी ती माझी म्हणून गणपतीत वहिनींना सांगितली.

"मी? बोटीत?" त्यांनी चुलीपुढून वळूनही पाहिलं नाही. "भाकऱ्या कोण भाजंल तितं?"

सगळं मिळतं तिथे, म्हणालो.

"आन पैसं?"

मी कार्ड काढून दाखवलं. त्यांनी हात पुसून ते घेतलं, तळहातावर तोललं. "जड हाय. कोयत्याचं पातं हाय काय?" मग परत दिलं, आणि भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता विचारलं, "वाऱ्यात पदर डोक्यावर ऱ्हातो का हो बोटीवर? का पिना लावाव्या?"

तेव्हा मला कळलं की त्या येणार.

मुंबईहून गोव्यामार्गे लक्षद्वीप आणि परत, असा प्रवास होता. मी दोघांची नावं दिली. त्यांच्या वयाला विम्यासाठी डॉक्टरचा दाखला लागणार होता. माघात त्या सकाळच्या एसटीने महाडला उतरल्या. डेपोसमोर आम्ही वडापाव खाल्ला. बाजारातून त्यांनी मागे पट्टा असलेल्या चपला घेतल्या — बोट हलली तर साधी चप्पल निसटेल म्हणून. चपलेचा हिशेब त्यांनी पक्का केला होता. मग आम्ही दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी छातीचा ग्राफ काढला, रक्तदाब पाहिला, जिने चढायला लावले. वहिनी बाहेर जाऊन नव्या चपलांचे पट्टे लावत बसल्या. आत डॉक्टर मला म्हणाले, "ठणठणीत आहेत. बोट बुडाली तर या पोहून काठाला लागतील, तुम्ही नाही. ग्राफ तुमचा काढायला हवा." दाखला मी खिशात घातला. बाहेर आलो तर वहिनींनी विचारलं, "काय म्हनला डाक्टर?" तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसचा होता. हाताने थांबा म्हणून खूण केली आणि बोलत बोलत डेपोपर्यंत आलो. त्यांची एसटी लागली होती. त्या चढल्या. उत्तर द्यायचं राहून गेलं.

ते राहून गेलं नसतं तर? पुढचं खोटं मला सांगताच आलं नसतं. मी ते मुद्दाम केलं नाही, एवढं खरं आहे. पण त्या राहिलेल्या उत्तराचा उपयोग मी नंतर केला — तो मुद्दाम.

क्रूझची तारीख जवळ आली तेव्हा कळलं की कंपनीतले आणखी काही जण त्याच फेरीला आहेत. सगळ्यांकडे तेच कार्ड, सगळ्यांचं वर्ष एकाच वेळी संपणारं. कॅन्टीनमध्ये बेत ठरत होता. संध्याकाळी एकत्र जेवायचं, टेबल आधीच सांगून ठेवायचं. कोणीतरी मला विचारलं, तुमच्याबरोबर कोण? मी सांगितलं, गावाकडच्या वहिनी. एक जण हसला. म्हणाला, "बाल्कनी केबिनमध्ये वहिनी? नऊवारीत?" बाकीचेही हसले. वाईट हसले असं मी म्हणणार नाही. त्यातल्या एकीने तर "किती छान" असंही म्हटलं. मीसुद्धा हसलो.

माझं हसणं. तिथे सुरू झालं.

त्या रात्रभर मी काय काय पाहिलं! वहिनी त्या टेबलावर. समोर काटे-चमचे. वहिनी वाटीतलं बोटांनी चाटून पाहतायत. वहिनी वेटरला "अरे बाबा, तू पन जेव की" म्हणतायत. वहिनी सगळ्यांसमोर मला विचारतायत, काठ कुठाय? यातलं काहीच घडलं नव्हतं. पण घडलेलं नसताना मी लाजलो. आणि कोणाची लाज वाटली? जिने मला आंघोळ घालून शाळेत पाठवलं तिची? मी अनेक लोकांवर बातम्या लिहिल्या, त्यांच्या भित्रेपणाला नेमके शब्द शोधले. स्वतःसाठी शब्द शोधायला चार वर्षं लागली. शब्द साधाच आहे — लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी फोन लावला.

सहप्रवाशाचं नाव एकदा बदलता येतं, तोही कार्डाचा फायदा. मी कंपनीतल्या एका अविवाहित सहकाऱ्याचं नाव दिलं. त्याला फुकट मिळत होतं, तो का नाही म्हणेल?

वहिनींना काय सांगायचं ते माझं ठरलं होतं — फेरीच रद्द झाली. साधं, कोणाला न दुखवणारं खोटं. संध्याकाळी त्यांना फोन केला. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "भावजी, काल गाऱ्हाणं घातलं."

इथे थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या वाडीत कोणी लांबच्या वाटेला निघालं की देवळात त्याच्या नावाने गाऱ्हाणं घालतात. मानकरी नारळ ठेवून मोठ्याने देवाला सांगतो — देवा म्हाराजा, तुझी अमकी लेक अमक्या वाटेला निघालीय, सुखरूप ने, सुखरूप आण. जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. माणूस परत आला की त्याने स्वतः जाऊन नारळ द्यायचा, मग ते फिटतं. पण निघालंच नाही तर? मग देवाला फुकट जागं केलं, असं होतं. त्याला आमच्याकडे दोनच कारणं चालतात. सुतक किंवा आजार. बाकी कुठलंही कारण सांगितलं — तिकीट मिळालं नाही, बोट रद्द झाली — तर लोक म्हणतात, पक्कं नव्हतं तर देवाला कशाला सांगितलंस? तो बोल ज्याच्या नावाने गाऱ्हाणं घातलं त्याला लागतो. वर्षानुवर्षं लागतो.

"समदी वाडी आलती," वहिनी सांगत होत्या. "दर्यावर चाललीय म्हनून मानकऱ्यानं सांगितलं. पोरं तर इचारतात, मासा आननार का? म्हनलं, काठ नसंल तर पानी तरी आनीन कळशीभर."

बोट रद्द झाली असं आता म्हणता येईना. मग म्हणालो, "वहिनी, विमावाल्यांनी तुमचं नाव नाकारलं. त्या दिवशी डॉक्टरांनी मला आत सांगितलं होतं — तुमच्या हृदयात दोष आहे. तुम्हाला घाबरवायचं नव्हतं, म्हणून बोललो नाही."

मग त्या म्हणाल्या, "आसं. म्हनून तुमी बोलला नाय व्हय डेपोत." आणि नंतर — हे मी जसं ऐकलं तसं लिहितो — "तुमी जा हो. तुमची फेरी कशाला बुडवताव?"

मी गेलो.

क्रूझबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. वेगळी रांग होती. सोफे होते. केबिनला बाल्कनी होती. तिचा पडदा आम्ही बहुतेक वेळ ओढलेलाच ठेवला, वातानुकूलन चांगलं लागावं म्हणून. संध्याकाळी टेबलावर हशा होता. वहिनींचा विषय कोणी काढला नाही. ज्यांच्यासाठी मी ते नाव काढलं, त्यांना ते नाव कधी माहीतच नव्हतं. बाल्कनीतून समुद्र दिसायचा — एका बाजूचा. चारी अंगं पाहायची तर वरच्या डेकवर जावं लागतं. मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं म्हणत राहिलो. मग बोट परत आली.

शिमग्याला वाडीत गेलो. पालखी घरोघर फिरत वहिनींच्या दारात आली. वहिनी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मानकऱ्याने रीतीप्रमाणे सगळ्यांदेखत विचारलं, दर्याचं गाऱ्हाणं काय झालं? उत्तर घरच्या पुरुषाने द्यायचं असतं. घरचा पुरुष मी. मी पालखीसमोर उभा राहून म्हणालो, "आजारपणामुळे राहिलं. हृदयाचं आहे. डॉक्टरांनी सांगितलं."

मानकरी म्हातारा, दादाच्या बरोबरीचा. त्याने देवाकडे हात जोडले. "आजारानं ऱ्हायलंय म्हाराजा. बोल नाय कुनाला." लोक म्हणाले, व्हय म्हाराजा. मग तो वहिनींकडे वळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "शेवंता, तू बस गो. उभी नको ऱ्हाऊ."

कोणीतरी त्यांच्या हातातलं ताट घेतलं. वहिनी ओटीच्या कडेला बसल्या. पालखी समोर असताना त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

पालखी पुढे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता डॉक्टरचं विचारतील. त्यांनी विचारलं, "काठ दिसत नव्हता ना?"

मी म्हणालो, "नाही."

"चारी अंगांनी?"

"चारी अंगांनी."

त्या बराच वेळ पालखीच्या ढोलाकडे कान लावून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी ते खरं बोलत हुते. मी उगाच हसायची त्यांना."

ज्याची खात्री केली नाही ते छापू नये. हे मी किती नवीन पोरांना ओरडून सांगितलं असेल.

मला वाटलं होतं, संपलं. एका शिमग्यापुरतं खोटं, ते निभावलं. पण आषाढात लावणी लागली.

आमच्या वाडीत पहिली मूठ वहिनींच्या हाताने लागायची. प्रत्येक घरच्या खाचरात आधी वहिनी उतरायच्या, रोपांची पहिली ओळ धरायच्या, मग बाकीच्या बाया त्यांच्या पाठीकडे बघून मागे मागे सरत लावत जायच्या. त्यांची ओळ सरळ. हात सारखा. त्यांनी लावलेलं भात पडत नाही असं म्हणायचे. नवीन सुना त्यांच्या शेजारी उभ्या राहायला भांडायच्या, आणि कोणाची ओळ वाकडी गेली की वहिनी मान वर न करता म्हणायच्या, "ही कुनाची गो? सापानं लावली काय?"

त्या वर्षी त्या पदर खोचून बांधावर आल्या आणि बायांनी त्यांना चिखलात उतरू दिलं नाही. मी तिथे नव्हतो. मंदाने नंतर सांगितलं. एकीने हात धरला, एकीने त्यांच्या हातातली मूठ काढून घेतली. "काकी, तुमच्या काळजाला दोष हाय. खाचरात पडलाव तर आमी काय तोंड दाखवू भावजींना?" प्रेमाने केलं हे. सगळं प्रेमानेच झालं. पाण्याची कळशी कोणीतरी आणून द्यायला लागलं. झऱ्याची वाट चढायची नाही. घाट उतरून मंदाकडे पाचाडला जायचं नाही — एसटीत दम लागला तर? लाकडं फोडायची नाहीत. शिमग्याला फेर धरायचा नाही. एकेक काम काढून घेतलं गेलं, आणि प्रत्येक वेळी कारण म्हणून माझं वाक्य सांगितलं गेलं. डाक्टरनं भावजींना सांगितलंय.

वाडीने वहिनींना जपलं. आणि जपून जपून त्यांना ओटीवर आणून बसवलं.

मी थांबवू शकलो असतो का? हो. एका वाक्यात. डॉक्टर चुकले होते, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यासाठी माझा कबुलीजबाबही लागला नसता, आणखी एक खोटं पुरलं असतं. तेही मी बोललो नाही. कारण मग कोणी विचारलं असतं, कुठला डॉक्टर? चल, विचारू. तो डॉक्टर पुढे दवाखाना हलवून पनवेलला गेला. हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. तेही लिहितो.

उलट मी दुसरंच केलं. वहिनींनी एकदा विचारलं, "दोष हाय तर औषध नसतं व्हय?" पुढच्या खेपेला मी महाडच्या दुकानातून जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या, खोका फेकून दिला आणि नुसत्या पट्ट्या त्यांना नेऊन दिल्या. दुपारी जेवण झाल्यावर एक. त्यांनी दोन्ही हातांनी घेतल्या, प्रसाद घ्यावा तशा. तेव्हापासून मी दर खेपेला नेतो. नोकरी सोडून आता महाडलाच राहायला आलो आहे, त्यामुळे खंड पडत नाही.

मंदाला संशय आला नाही, काळजी वाटली. तिची पाचाडला छोटी खाणावळ आहे, गडावर जाणाऱ्यांची वर्दळ असते. हंगामात तिला हलता येत नाही. तरी गेल्या वर्षी ती आली आणि आईला गाडी करून दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मला न विचारता. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी खुर्चीत बसून घेतलं. वाटलं, आता.

"काका," मंदा रडत होती, "सगळं चांगलं निघालं. काहीसुद्धा दोष नाय म्हणाले. तुमच्या गोळ्यांनी बरं केलं बघा आईला."

मागून वहिनींचा आवाज येत होता. "भावजींना सांग, गोळ्या चुकवल्या नाय म्हनावं एक पन."

डॉक्टरांनी कुठल्या गोळ्या म्हणून विचारलं नाही का? विचारलं. मंदा म्हणाली, पट्टी घरी राहिली होती. डॉक्टर म्हणाले, बरं वाटतंय ना, मग चालू द्या.

त्यानंतर तरी वहिनी ओटीवरून उठल्या असतील, असं तुम्हाला वाटेल. नाही उठल्या. गोळ्यांनी दोष दाबून ठेवलाय, खाचरात उतरलं तर पुन्हा उठेल, असं वाडीत ठरलं. वहिनींनाही ते पटलं. चार पावसाळे बसून काढल्यावर त्यांचे गुडघे आखडले आहेत. उठताना भिंतीला हात लावतात. आता त्या खरोखरच आजारी दिसतात. पट्ट्याच्या चपला त्यांनी मंदाला देऊन टाकल्या. पोरं ओटीवर जमली की त्यांना सांगतात, दर्यात लांब गेलं की काठ दिसत नाय, चारी अंगांनी पाणी. पोरं म्हणतात, आज्जी, थापा नको मारू, पाणी सांडंल की! त्या म्हणतात, "भावजींनी पायलंय. ते पेपरात हुते, खोटं नाय बोलायचे."

या आषाढात मी वर गेलो तो सांगायचं ठरवून. गोळ्या नेल्या नव्हत्या. पोलादपूरहून एसटीत बसलो तेव्हा वाक्यंही जुळवली होती. आधी काय घडलं ते, मग कधी, मग कोण. 'का' शेवटी.

वाडीत पोचलो तर वरच्या खाचरांत लावणी चालू होती. ओटीवरून ती खाचरं दिसतात. वहिनी ओटीवर बसून रोपांच्या मुठी बांधत होत्या — तेवढं काम त्यांना ठेवलं आहे. पावसाने उघडीप दिली होती. तिथून बायांचा आवाज येत होता. कोणाचीतरी ओळ वाकडी गेली होती आणि सगळ्या हसत होत्या.

वहिनींनी ते बराच वेळ पाहिलं. हातातली मूठ खाली ठेवली. भिंतीला हात लावून उठल्या, पदर खोचला. खोचलेला पदर मी चार वर्षांनी पाहिला. मग माझ्याकडे वळल्या. लहान मूल घरातल्या मोठ्या माणसाला विचारतं तशा आवाजात त्यांनी विचारलं —

"भावजी, आज बरं वाटतंय. एक वळ लावून येऊ का? एकच."

मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारून सांगतो."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी खोचलेला पदर सोडला आणि पुन्हा ओटीवर बसल्या. अंधार पडायच्या आत वरची सगळी खाचरं लावून झाली होती.